सांध्यांसाठी पूरके : घेण्यापूर्वी आणि घेताना

पन्नाशी उलटली की गुडघे बोलू लागतात. जिना उतरताना कळ येते, मांडी घालून बसल्यावर उठताना हाताचा आधार लागतो, सकाळची पहिली दहा पावले जड जातात. मग घरात बाटल्या जमू लागतात. एक परदेशातून मुलाने आणलेली, एक शेजाऱ्यांनी 'आम्हांला चांगला गुण आला' म्हणून सुचविलेली, एक जाहिरात पाहून मागविलेली. या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या नसतात, त्यामुळे घरात त्यांची गणना औषधांत होत नाही. 'सध्या कोणती औषधे चालू आहेत?' असे डॉक्टरांनी विचारले, तर रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी सांगितली जाते; या बाटल्यांचा उल्लेख राहून जातो. पूरकांमुळे होणाऱ्या अनेक अपायांचे मूळ या न सांगण्यातच असते.

पूरके सरसकट वाईट नाहीत आणि सरसकट निर्धोकही नाहीत. कायद्याच्या दृष्टीने ती अन्न असली, तरी शरीरात गेल्यावर त्यांतील काही द्रव्ये औषधासारखी वागतात. म्हणून ती कशासाठी घ्यायची, कोणती घ्यायची आणि कशाबरोबर घ्यायची, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत.

आधी निदान, मग पूरक

सांधेदुखी हे लक्षण आहे, रोगाचे नाव नव्हे. उतारवयात गुडघे दुखण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे सांध्यांची झीज, म्हणजेच अस्थिसंधिवात. सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तो विरळ व खडबडीत होतो, भोवतालचे हाड वाढते, सांध्याच्या अस्तराला सूज येते. मात्र दुखणाऱ्या प्रत्येक सांध्याची हीच कथा नसते. आमवातात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. वातरक्तात युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचतात. चिकुनगुनियानंतर महिनोन् महिने सांधे धरून राहतात, हा अनुभव २००६ च्या साथीनंतर महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांनी घेतला आहे. क्षयरोगही सांध्यात घर करू शकतो.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण आमवातावर पहिल्या काही महिन्यांत योग्य औषधे सुरू झाली, तर सांध्यांची विकृती बऱ्याच अंशी टाळता येते. तोच काळ पूरकांच्या बाटल्या बदलण्यात गेला, तर झालेली हानी भरून येत नाही. येथे पूरकाने थेट काही बिघडविलेले नसते. त्याने फक्त वेळ खाल्लेला असतो.

पुढील लक्षणे असतील तर दुखणे अंगावर काढू नये आणि पूरकांवर विसंबूही नये :

• सकाळचा ताठरपणा अर्ध्या-एक तासाहून अधिक टिकणे. दोन्ही हातांची बोटे व मनगटे सुजणे
• एखादा सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजणे. त्यासोबत ताप येणे
• रात्री झोपेतून उठविणारी वेदना, वजन घटणे, भूक मंदावणे
• पडल्यानंतर पायावर भार न देता येणे

ग्लुकोसामीन आणि कॉन्ड्रॉइटिन

सांध्यांच्या पूरकांमध्ये ही जोडी सर्वांत प्रसिद्ध आहे. ग्लुकोसामीन ही कूर्चेच्या घडणीत लागणारी शर्करा. ती प्रामुख्याने कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात. मक्यापासून किण्वनाने तयार केलेले शाकाहारी ग्लुकोसामीनही मिळते. कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या किंवा शार्कच्या कूर्चेपासून मिळविले जाते. जे झिजले ते पोटातून पुरवावे, हा यामागचा सरळ विचार. १९९७ मध्ये अमेरिकेत सांधेदुखीवरील उपाय म्हणून या जोडीची शिफारस करणारे एक पुस्तक गाजले आणि मागणी झपाट्याने वाढली.

विचार सरळ असला तरी शरीराचा कारभार तितका सरळ नाही. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून झिरपत होते. खाल्लेले द्रव्य आधी पचते, यकृतातून जाते. त्यातील किती भाग कूर्चेपर्यंत पोहोचतो, हा खरा प्रश्न आहे.

संशोधनाचे चित्रही काळानुसार पालटत गेले. २००१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या बेल्जियममधील अभ्यासात २१२ रुग्णांना तीन वर्षे रोज १५०० मिलिग्रॅम ग्लुकोसामीन सल्फेट किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. सल्फेट घेणाऱ्यांत सांध्यातील अंतर कमी होण्याची क्रिया मंदावलेली दिसली. त्यातून आशा वाढली. पुढे २००६ मध्ये अमेरिकेत शासकीय निधीतून झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीत १५८३ रुग्ण होते आणि उपचार २४ आठवडे चालला. ग्लुकोसामीन, कॉन्ड्रॉइटिन किंवा दोन्ही मिळून घेणाऱ्यांना निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा एकूणात लक्षणीय अधिक आराम मिळाला नाही. मध्यम ते तीव्र वेदना असलेल्या लहान गटात जोडगोळीचा फायदा दिसला. पण तेवढ्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नव्हता. २०१० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने दहा चाचण्यांतील ३८०३ रुग्णांचा एकत्रित आढावा छापला. त्यातही रुग्णाला जाणवेल असा फायदा आढळला नाही.

अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघा व खुब्याच्या झिजेसाठी ही दोन्ही पूरके वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले. हाताच्या झिजेसाठी कॉन्ड्रॉइटिनचा मर्यादित विचार करता येईल, एवढी सवलत ठेवली. ब्रिटनच्या २०२२ च्या सूचनाही ग्लुकोसामीन देऊ नये असेच म्हणतात.

मग शेजाऱ्यांना गुण आला तो खोटा का? तसे नाही. २००६ च्या त्या चाचणीत निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांची वेदना किमान पाचव्या हिश्शाने कमी झाली होती. झिजेची वेदना भरती-ओहोटीसारखी कमी-जास्त होते. माणूस गोळी सुरू करतो ती बहुधा वेदना कळसाला पोहोचल्यावर. त्यानंतर आपसूक येणाऱ्या ओहोटीचे श्रेय गोळीला मिळते. आराम खरा असतो, त्याचे कारण मात्र वेगळे असू शकते.

सुरक्षिततेच्या दृष्टीने ही जोडी बहुतेकांना सोसते. मळमळ, जळजळ, पोट बिघडणे एवढाच त्रास सहसा होतो. तरी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हृदयाची झडप बदललेल्या किंवा हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या रुग्णांना रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन दिले जाते. ग्लुकोसामीनमुळे त्याचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका संभवतो. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्यांनी उगमस्थान पाहिल्याविना गोळी घेऊ नये. ग्लुकोसामीन सल्फेट टिकावे म्हणून त्यात सोडियम किंवा पोटॅशियमचे क्षार मिसळलेले असतात. रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी त्याकडे लक्ष द्यावे. चौथी गोष्ट आपल्याकडे विशेष महत्त्वाची. येथे विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत ग्लुकोसामीनसोबत डायसेरिन असते. डायसेरिन हे पूरक नसून औषध आहे. त्याने तीव्र जुलाब होऊ शकतात. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये ६५ वर्षे व त्यावरील रुग्णांना ते देऊ नये, तसेच यकृताचा विकार असणाऱ्यांनी ते घेऊ नये, असे सुचविले होते. म्हणून पाकिटावरील मोठे नाव वाचून न थांबता बारीक अक्षरांतील घटक वाचावेत.

स्वयंपाकघरातील हळद आणि बाटलीतील हळद

हळद आपल्या रोजच्या फोडणीतली. त्यामुळे हळदीच्या कॅप्सूलने काय अपाय होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हळदीत कर्क्युमिनचे प्रमाण साधारण तीन टक्के असते आणि ते आतड्यांतून फार थोडे शोषले जाते. भाजी-आमटीतून पोटात जाणारी मात्रा म्हणूनच अल्प असते. कॅप्सूलमध्ये कर्क्युमिनचा अर्क असतो आणि शोषण वाढावे म्हणून त्यात बहुधा काळ्या मिरीतील पायपरिन घातलेले असते. बंगळूर येथील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, २० मिलिग्रॅम पायपरिनसोबत दिल्यास माणसाच्या रक्तात कर्क्युमिनची उपलब्धता अनेक पटींनी वाढते.

जे कर्क्युमिनचे शोषण वाढविते, ते इतर काही औषधांचेही वाढवू शकते. शिवाय अशा संहत अर्कांमुळे यकृताला सूज आल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. इटलीमध्ये २०१९ साली अशा रुग्णांचा समूहच समोर आला. ऑस्ट्रेलियाच्या नियामकांनी २०२३ मध्ये याबाबत इशारा दिला. हे प्रमाण विरळ आहे. पण लक्षणे माहीत असावीत. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज, अन्नावरची वासना उडणे यांपैकी काही जाणवल्यास कॅप्सूल तत्काळ बंद करून यकृताची तपासणी करून घ्यावी. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी हे अर्क स्वतःहून घेऊ नयेत. जेवणातील हळदीला यांपैकी कोणतीही आडकाठी नाही.

शल्लकीच्या झाडाचा डिंकही सांधेदुखीवर पूर्वापार वापरला जातो. गुडघ्याच्या झिजेवर त्याचा थोडा उपयोग होतो, असे काही लहान अभ्यास सांगतात. हळद-शल्लकीच्या बाबतीत पुराव्याची बाजू ग्लुकोसामीनपेक्षा अगदीच पडती नाही. पण अभ्यास अल्पमुदतीचे आहेत आणि प्रत्येक उत्पादनातील अर्क वेगळा असतो.

कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व

ही दोन्ही हाडांसाठी आवश्यक आहेत; झिजलेल्या कूर्चेवरचा तो उपाय नव्हे. 'ड' जीवनसत्त्व कमी असलेल्या, गुडघे झिजलेल्या ४१३ रुग्णांना ऑस्ट्रेलियात दोन वर्षे दरमहा ५०,००० एकके देऊन पाहण्यात आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वेदना किंवा कूर्चेची झीज यांत निष्क्रिय गोळीच्या तुलनेत फरक पडला नाही. तपासणीत कमतरता आढळली तर ती हाडांसाठी व स्नायूंसाठी अवश्य भरून काढावी. त्याने गुडघ्याची झीज भरून येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

आपल्याकडे 'ड' जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी किंवा कॅप्सूल सर्रास दिली जाते. ती बहुधा आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे घ्यायची असते. ही सूचना नीट न समजल्याने ती रोज घेतली जाणे किंवा तीच चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे घेत राहणे, ही गंभीर चूक ठरते. निरोगी प्रौढाने स्वतःहून घ्यावयाची कमाल मर्यादा दिवसाला ४००० एकके मानली जाते. 'ड' अति झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते. मळमळ, बद्धकोष्ठ, सतत तहान, वारंवार लघवी, गोंधळलेपण ही त्याची लक्षणे होत. मूत्रपिंडाला इजाही होऊ शकते.

प्रौढांना दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दूध, दही, तीळ, नाचणी यांतून त्याचा मोठा भाग मिळू शकतो. उरलेली तूट गोळीने भरावी. एका वेळी ५०० मिलिग्रॅमहून अधिक घेतल्यास शोषण घटते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती आणि कॅल्शियम यांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे. नाहीतर थायरॉइडच्या गोळीचा परिणाम कमी होतो आणि कारण शोधत बसावे लागते.

कोलॅजेन व माशाचे तेल

कोलॅजेनची भुकटी अलीकडे फार खपते. हे मुळात प्रथिन आहे आणि पचनात त्याचे लहान तुकडे होतात. काही अभ्यासांत वेदना किंचित कमी झाल्याचे आढळले, परंतु पुरावा अजून तोकडा आहे. ते गुरे, कोंबड्या किंवा मासे यांपासून बनते. शाकाहारी व्यक्तींनी पाकिटावरील चिन्ह पाहावे. कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असू शकते, हेही लक्षात घ्यावे. माशाच्या तेलाचा आमवातात वेदना कमी करण्यासाठी थोडा उपयोग होतो, पण तो मूळ औषधांच्या जोडीने. मोठ्या मात्रेत ते रक्त पातळ करणाऱ्या औषधांना बळ देते.

दोन दिवसांत गुण देणारे चूर्ण

सर्वांत मोठा धोका नामांकित बाटलीपेक्षा बिननावाच्या पुडीत असतो. 'केवळ जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत व गोळ्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळल्याचे प्रकार जगभर उघडकीस आले आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये सांध्यांसाठीचे पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या 'आर्ट्री किंग' या नावाच्या उत्पादनांत वेष्टनावर न छापलेली डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन ही औषधे सापडल्याचे जाहीर केले होते.

ओळखीची खूण अशी : वर्षानुवर्षे न हटलेली वेदना दोन-तीन दिवसांत नाहीशी होते, भूक वाढते, चेहरा सुजल्यासारखा गोल होतो, आटोक्यातील साखर व रक्तदाब अचानक वाढतात. असे दिसल्यास पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे. दीर्घकाळ घेतलेले असे चूर्ण एकाएकी बंद करू नये. शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनविणे थांबविलेले असू शकते आणि अकस्मात बंद केल्यास रुग्ण कोसळू शकतो.

रसौषधींबाबतही सावधपण हवे. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. धातूंची भस्मे असलेली औषधे नोंदणीकृत वैद्यांच्या देखरेखीखाली घ्यावीत, परस्पर आणून महिनोन् महिने घेत राहू नयेत.

पाकिटावर काय वाचावे?

भारतात पूरकांचे नियमन भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरण करते. पाकिटावर चौदा अंकी परवाना क्रमांक असावा लागतो, तसेच हे उत्पादन औषधी उपयोगासाठी नाही, असे ठळकपणे छापावे लागते. या एका ओळीचा अर्थ मोठा आहे : जे उत्पादन स्वतःच औषध नसल्याचे सांगते, त्याने संधिवात बरा करण्याचा दावा करणे गैर आहे. परदेशी बाटलीचेही अप्रूप नको. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार पूरक बाजारात आणण्यापूर्वी त्याची परिणामकारकता शासनाला सिद्ध करून दाखवावी लागत नाही. प्रत्येक घटकाची मात्रा, निर्मात्याचा पत्ता, तुकडी क्रमांक आणि मुदत तपासावी. घटकांची केवळ नावे देऊन मात्रा लपविणारे मिश्रण टाळावे.

घ्यायचेच ठरविले तर

१. नियमित औषधांची यादी डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्या फार्मासिस्टला दाखवून विचारावे. वॉरफरिन, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, मधुमेह व थायरॉइडची औषधे यांचा उल्लेख न चुकता करावा.

२. एका वेळी एकच पूरक सुरू करावे. तीन एकदम सुरू केल्यास गुण कोणाचा आणि अपाय कोणाचा, हे कळत नाही.

३. सुरू करण्याआधी वेदनेला शून्य ते दहा यांपैकी गुण देऊन वहीत लिहावे. किती जिने चढता येतात, किती वेळ उभे राहता येते, हेही टिपावे. दर आठवड्याला नोंद करावी.

४. दोन ते तीन महिन्यांत स्पष्ट फरक न दिसल्यास बंद करावे. मात्रा वाढवू नये.

५. डॉक्टरांची औषधे पूरकाच्या भरवशावर बंद करू नयेत.

६. शस्त्रक्रिया ठरली असेल तर सर्जन व भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे. वनस्पतिजन्य पूरके साधारण दोन आठवडे आधी थांबविण्यास सांगितले जाते.

७. गर्भवती, स्तनदा माता आणि यकृत वा मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी सल्ल्याविना काहीही घेऊ नये.

औषधाचा दुष्परिणाम झाल्याचा संशय आल्यास भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळविता येते.

ज्याचा पुरावा भक्कम आहे

गुडघ्याच्या झिजेवर आज सर्वत्र पहिला उपचार म्हणून दोनच गोष्टी सांगितल्या जातात : व्यायाम आणि वजनावर ताबा. वजन एक किलोने घटले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. मांडीचे पुढचे स्नायू बळकट झाले की सांध्याला आधार मिळतो. त्यासाठी खुर्चीत बसून गुडघा सरळ करून पाच-दहा सेकंद धरून ठेवण्याचा साधा व्यायामही उपयोगी पडतो. सुरुवातीच्या आठवड्यांत थोडे दुखेल. ते हानीचे लक्षण असतेच असे नाही. फिजिओथेरपिस्टकडून एकदा पद्धत शिकून घ्यावी. उकिडवे बसणे व वारंवार जिने चढ-उतार करणे काही काळ कमी करावे. चालणे मात्र सोडू नये. पूरकावर दरमहा खर्च होणाऱ्या रकमेतून चांगले बूट, हातात काठी आणि फिजिओथेरपीच्या काही फेऱ्या सहज बसतात.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना एक गोष्ट करावी. घरातील सगळ्या बाटल्या, पुड्या आणि डब्या एका पिशवीत भरून सोबत न्याव्यात आणि टेबलावर मांडाव्यात. त्यांतील काही चालू राहतील, काही कमी होतील, एखादी त्याच दिवशी बंदही करावी लागेल. पण आपल्या पोटात काय काय जाते, हे निदान उपचार करणाऱ्याला ठाऊक होईल.